सामायिक नोंदी आणि संगणकाची गती

नांदेड व लातूर जिल्ह्यांचा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे येथील जुन्या दप्तरांत उर्दू भाषेतील व मोडी लिपीतील नोंदी आढळतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा ही दप्तरे पुन्हा उघडली गेली. जुन्या पानांच्या प्रतिमा संगणकावर जतन करण्याची निकड त्यातून अधिक स्पष्ट झाली.

परंतु जतन केलेली नोंद वेळेवर सापडली नाही, तर तिचा उपयोग काय? लहान कार्यालयात बहुधा एकच डेटाबेस फाइल नेटवर्कवरील साठवण यंत्रावर ठेवून सर्व कर्मचारी ती उघडतात. येथेच अडचण सुरू होते. अशा फाइलमधील शोधाचे काम साठवण यंत्र करीत नाही. प्रत्येक संगणक आवश्यक मजकूर तारेतून स्वतःकडे ओढतो. अनुक्रमणिका नसेल, तर संपूर्ण तक्ता ओढावा लागतो.

समजा, तक्ता २०० मेगाबाइटचा आहे. शंभर मेगाबिटच्या नेटवर्कमधून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जातात. म्हणजे एका शोधास किमान १६ सेकंद लागतात. सहा जणांनी एकाच वेळी शोध घेतल्यास हाच काळ दीड मिनिटाच्या वर जातो. लेखनाच्या ऐन वेळी वीज गेली, तर फाइल बिघडण्याचाही धोका असतो.

यावरील उपाय क्रमाने करावेत. प्रथम गाव, गट क्रमांक व वर्ष या रकान्यांवर अनुक्रमणिका तयार करावी. त्यास खर्च नाही. दुसरे, डेटाबेस एका सर्व्हर संगणकाच्या स्वतःच्या सॉलिड स्टेट डिस्कवर ठेवून तेथेच डेटाबेस सेवा चालवावी. मग तारेतून केवळ प्रश्न आणि उत्तर यांचीच ये-जा होते. तिसरे, पानांच्या जड प्रतिमा नेटवर्क साठवण यंत्रावर ठेवाव्यात व डेटाबेसमध्ये त्यांचा फक्त पत्ता नोंदवावा. चौथे, वायरलेसऐवजी तारेची जोडणी व गिगाबिट स्विच वापरावा. प्रत्येक उपायापूर्वी व नंतर शोधाचा वेळ मोजावा, म्हणजे कोणत्या बदलाने लाभ झाला ते कळते.

साठवण यंत्रातील जोड-डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे विसरू नये. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकदमच नाहीशी होते. म्हणून रोज स्वतंत्र प्रत घ्यावी, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती प्रत उघडते की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे. सर्व्हर, साठवण यंत्र व स्विच या तिन्हींना यूपीएसचा आधार द्यावा.

खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाला यंत्राची रचना ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने ती नोंद म्हणजे आजोबांच्या नावाचा एकमेव पुरावा असतो. तो वेळेवर व अबाधित त्याच्या हाती देणे, हेच कार्यालयाचे कर्तव्य होय.