डोंगरी शर्यतीतील धावपटूंची मोजदाद

इंग्लंडच्या वायव्य भागातील लेक डिस्ट्रिक्ट हा डोंगर आणि सरोवरे यांचा प्रदेश आहे. तेथील बोलीत डोंगराला ‘फेल’ म्हणतात. नापास होण्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. तो प्राचीन नॉर्स भाषेतून तेथे आला. या डोंगरांवरील धावण्याच्या शर्यती ‘फेल रेस’ या नावाने ओळखल्या जातात. बहुतेक शर्यती लहान क्लब स्वयंसेवकांच्या बळावर भरवितात. १९७० साली स्थापन झालेली फेल रनर्स असोसिएशन ही संस्था त्यांच्यासाठी सुरक्षिततेचे नियम करते.

रस्त्यावरील शर्यतीत धावपटू सतत कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीस पडतो. डोंगरी शर्यतीत तसे नसते. धावपटूने नेमून दिलेल्या चौक्या गाठावयाच्या असतात. दोन चौक्यांमधील वाट मात्र पुष्कळदा त्याने नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने स्वतःच शोधावयाची असते. धुके उतरले की हाकेच्या अंतरावरील माणूसही दिसत नाही. धावत असेपर्यंत शरीरात ऊब राहते. परंतु पाय मुरगळून धावपटू खाली बसला, की ओल्या कपड्यांतून व वाऱ्यामुळे ती ऊब झपाट्याने निघून जाते. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली उतरू लागले की विचारशक्ती मंदावते आणि मदत मागण्याचेही भान उरत नाही. यॉर्कशायरमधील थ्री पीक्स शर्यतीत १९७८ साली एका धावपटूचा अशाच गारठ्याने मृत्यू झाला. म्हणूनच एखादा धावपटू मागे राहिला आहे, हे किती लवकर कळते यावर त्याचे प्राण अवलंबून असतात.

निघालेले किती?

मोजदादीचे सूत्र साधे आहे. जितके निघाले, तितके शर्यत पूर्ण करून किंवा माघार घेऊन परत आले पाहिजेत. अडचण पहिल्या आकड्यापासूनच सुरू होते. नाव नोंदविणारे सर्वच धावतात असे नाही. हवा पाहून काही जण परत जातात. त्यामुळे नोंदणीच्या यादीवर विसंबून चालत नाही. प्रारंभरेषेवर अरुंद वाटेतून एकेकास सोडून त्याच्या क्रमांकावर खूण करावी लागते. केवळ डोकी मोजणे पुरेसे नाही. नोंदणी न केलेला एक जण शर्यतीत शिरला आणि नोंदलेला एक जण डोंगरावर अडकला, तर बेरीज बरोबर येते आणि माणूस मात्र हरवलेलाच राहतो.

चौक्यांवरील नोंद

चौकीवर किमान दोन स्वयंसेवक असणे इष्ट असते. एकाने क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने वेळेसह लिहून घ्यावा. धावपटूनेही छातीवरील क्रमांक जाकिटाखाली झाकू नये. अनेक शर्यतींत ही माहिती बिनतारी यंत्रणेने पायथ्याच्या नियंत्रण केंद्राकडे कळविली जाते. हौशी रेडिओचालकांची ‘रेनेट’ ही १९५३ पासूनची ब्रिटिश संघटना अशा कामी साहाय्य करते. या नोंदीचा लाभ मोठा आहे. धावपटू तिसऱ्या चौकीवर दिसला आणि चौथ्या चौकीवर दिसला नाही, एवढे कळले तरी शोध संपूर्ण डोंगराऐवजी एका टप्प्यापुरता मर्यादित होतो.

माघार घेणाऱ्याचे कर्तव्य

ज्याने शर्यत अर्धवट सोडली त्याने स्वतः येऊन तसे सांगावे, असा कडक नियम आहे. कोणी न सांगता घरी गेला, तर बचाव पथकाचे स्वयंसेवक त्याच्यासाठी रात्रभर डोंगर धुंडाळतात आणि तो घरी झोपलेला असतो. याहून मोठा धोका असा, की दोन-चार वेळा असे घडले म्हणजे संयोजकांना ‘गेला असेल घरी’ असे मानण्याची सवय लागते. हाच तर्क एखाद्या वेळी जिवावर बेततो. २०१२ साली बटरमिअर येथील शर्यतीत एका धावपटूचा मृत्यू झाल्यानंतर मोजदादीच्या पद्धतीची बारकाईने चिकित्सा झाली आणि पुढे सुरक्षिततेचे नियम अधिक कडक करण्यात आले.

नोंद न मिळालेला प्रत्येक जण संकटातच असतो असेही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये बॉरोडेल खोऱ्यातील दोन दिवसांच्या पर्वतीय स्पर्धेत सुमारे २,५०० स्पर्धक उतरले असता अतिवृष्टीने पूर आला. एका क्षणी सुमारे १,७०० जणांचा ठावठिकाणा नोंदलेला नव्हता. पुष्कळांनी गोठ्यांत, शेतघरांत आसरा घेतला होता. सर्व जण जिवंत सापडले.

यंत्रे आणि माणसे

आता बोटाला बांधावयाची इलेक्ट्रॉनिक चिप व उपग्रहाद्वारे स्थान कळविणारी यंत्रे वापरात आली आहेत. परंतु चौकीवरील पेटी बिनतारी यंत्रणेला जोडलेली नसेल, तर तिच्यातील नोंद डोंगरावरच अडकून राहते. विद्युत्घट संपला की स्थानदर्शक यंत्रही मुके होते. शिवाय यंत्राने स्थान कळविले तरी तेथे पोहोचणारा माणूस हवाच. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या शर्यतीत अचानक थंडी, पाऊस व वादळी वारा सुरू झाला. धावपटूंजवळ स्थानदर्शक यंत्रे होती. तरीही १७२ पैकी २१ जण मृत्यू पावले. सहा जणांना वाचविले ते तेथील एका मेंढपाळाने, स्वतःच्या गुहेत नेऊन.

सह्याद्रीतही आता डोंगरी शर्यती होऊ लागल्या आहेत. साताऱ्याची घाटातील अर्धमॅरेथॉन २०१२ पासून सुरू आहे. अशा शर्यतीस परवानगी देणारे अधिकारी, स्वयंसेवक पुरविणारी पंचायत आणि विद्यार्थ्यांना गडावर नेणारे शिक्षक यांनी तीन प्रश्न आधीच विचारावेत. निघालेल्यांची नोंद कोण ठेवणार? माघार घेणाऱ्याने कोणाला सांगावयाचे? आणि हिशेब न जुळल्यास किती वेळात, कोणी, कोणाला कळवावयाचे? शेवटच्या क्रमांकापुढे खूण होईपर्यंत नोंदवहीवर बसलेल्या माणसाने जागा सोडू नये, एवढी शिस्त पाळली तरी बरेच काही साधेल.