कुरकुंभचा माळ आणि विश्वाचे आद्य प्रारण

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. पावसाची ओढ येथील शेतकऱ्याला नवी नाही. तथापि, विश्वारंभीच्या सूक्ष्मलहरींचा वेध घेणारी दुर्बीण येथे उभारू म्हटले, तर याच माळावरची हवा फार दमट ठरेल! हे विधान विचित्र वाटेल. परंतु या दुर्बिणींची मुख्य अडचण त्यात सामावली आहे.

विश्वोत्पत्तीनंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले की, प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या लहरी ताणल्या जाऊन आज मिलिमीटरच्या घरात आल्या आहेत. पेन्झिअस व विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६५ साली जाहीर केलेले पार्श्वभूमी प्रारण ते हेच. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, वर जेमतेम २.७ अंश आहे.

दोराचे एक टोक झाडाला बांधून दुसरे वरखाली हलविले, तर लाट उभी जाते. डावीउजवीकडे हलविले, तर आडवी. प्रकाशलहरी अशा एखाद्या दिशेने अधिक कंप पावत असतील, तर त्या ध्रुवित आहेत असे म्हणतात. आद्य प्रारण इलेक्ट्रॉनांवरून शेवटचे विखुरले, तेव्हा त्यावर ध्रुवणाचा ठसा उमटला. दक्षिण ध्रुवावरील ‘डासी’ या उपकरणाने तो २००२ मध्ये प्रथम टिपला. या ठशात विस्तीर्ण टापूंवर पसरलेला एक विशिष्ट पिळदार आकृतिबंध सापडला, तर विश्वाच्या पहिल्या क्षणातील गुरुत्वलहरींचा पुरावा हाती येईल. सारी धडपड त्यासाठी आहे.

आश्चर्य हे की, या कामी प्रचंड तबकडी लागत नाही. शोधावयाची नक्षी चंद्रबिंबाहून मोठी असल्याने दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ या दुर्बिणीचे मुख अवघे २६ सेंटिमीटर व्यासाचे होते. खरे कसब आहे ते थंडाव्याचे. उपकरणाची स्वतःची उष्णता संकेताला बुडवून टाकते. म्हणून त्यातील संवेदक निरपेक्ष शून्याच्या वर पाव अंशापर्यंत थंड केलेल्या तबकावर बसविले होते. त्यातील धातूचा पापुद्रा विद्युत्रोध गमावण्याच्या सीमेवर राखलेला असतो. किंचित उष्णता पोचताच त्याचा रोध एकदम बदलतो. हे संवेदक जोडीने असतात, एक उभ्या कंपनासाठी, दुसरा आडव्या. दोघांच्या मापांची वजाबाकी केली की, हवेची व यंत्राची समाईक उष्णता गळून पडते आणि ध्रुवण तेवढे उरते.

तरीही बाष्प आड येते. ते या लहरी शोषते आणि स्वतःही उत्सर्जित करते. म्हणून अशा दुर्बिणी दक्षिण ध्रुवावर किंवा चिलीच्या आटाकामा वाळवंटात ५,००० मीटरहून उंच जागी नेतात. ‘प्लँक’ उपग्रह तर २००९ साली अवकाशातच धाडण्यात आला.

हवेपलीकडे आणखी एक पडदा आहे, तो आपल्याच आकाशगंगेचा. मार्च २०१४ मध्ये बायसेप-२ च्या गटाने तो पिळदार ठसा सापडल्याचे जाहीर केले. जगभर गाजावाजा झाला. पुढे प्लँकच्या मोजणीशी ताडून पाहता, २०१५ साली त्या संकेताचे श्रेय मुख्यतः आकाशगंगेतील धुळीकडे गेले. एकाच तरंगलांबीवर विसंबून चालत नाही, हे त्यावरून पुरते स्पष्ट झाले. धुळीचे उत्सर्जन आखूड लहरींत प्रखर, तर चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे लांब लहरींत.

पुणे जिल्ह्याचा संबंध येतो तो या लांब लहरींशी. जुन्नर तालुक्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटर-लहरी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आद्य प्रारणाचे ध्रुवण मोजणे हे तिचे काम नव्हे. मात्र आकाशगंगेच्या उत्सर्जनातील चढउतार तिने १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेला मोजले आहेत. पुण्यातीलच ‘आयुका’ या संस्थेत आद्य प्रारणाच्या आकडेवारीचे विश्लेषण झाले आहे. तबकड्या, सुदैवाने, बाष्पाला भीत नाहीत. त्यांना बाधते ती मानवनिर्मित रेडिओ-गडबड : विद्युतवाहिनीच्या सैल जोडावर उडणारी एखादी ठिणगीही त्यांच्या मोजणीत शिरते, आणि तो जोड घट्ट करण्याचे काम खगोलशास्त्रज्ञाचे नसून वीजतंत्रीचे असते.