आवाजाची राखण

लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. परंतु आपल्या देशातील भाषांच्या इतिहासातही या दाखल्याला एक विशेष स्थान आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांचे सर्वेक्षण केले, तेव्हा निरनिराळ्या भाषांचा व बोलींचा नमुना म्हणून हाच दाखला निवडला. मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित झाले. त्या कामामागे सरकारचे बळ होते. आज मंडळीतील एखादा तरुण आपल्या आजीचा आवाज घरच्या संगणकावर विनामूल्य मुद्रित करू शकतो. ते कसे करावे, आणि करताना कशाची राखण करावी, हे आपण पाहू.

१. साधन

या कामासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर उपयोगी आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली त्याचा आरंभ केला आणि २००० साली ते सर्वांसाठी खुले झाले. २०२१ पासून त्याची व्यवस्था म्यूज ग्रुप या कंपनीकडे आहे. तथापि त्याचा परवाना मुक्तच आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ते वापरावे, त्याची मूळ रचना अभ्यासावी, त्यात बदल करावा व त्याच्या प्रती इतरांना द्याव्या, असा अधिकार हा परवाना देतो. महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत वापरून उपासनेची गीते मुद्रित करणाऱ्यांना आता गरिबीची सबब सांगता येणार नाही.

२. कृती

प्रथम खोली तयार करा. मी दिल्लीत मुनिरका येथे भाड्याच्या खोलीत काम करीत असे. खाली गल्लीतील वर्दळ, वर पालमच्या विमानतळावर उतरणारी विमाने! पंख्याची एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने पुष्कळ कमी होते. अकस्मात येणारा भोंगा किंवा विमानाचा आवाज मात्र सहजी निघत नाही. म्हणून भिंतींवर रजया टांगाव्या, पंखा बंद करावा व पहाटेची वेळ साधावी.

मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर व किंचित बाजूस असावा. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा झोत त्यावर आदळत नाही. पडद्यावरील आलेख वरच्या कडेला टेकू देऊ नका. तेथे छाटला गेलेला आवाज पुरतेपणी परत मिळत नाही. आरंभी पाच-सहा सेकंद स्तब्ध राहा. त्या शांततेवरून सॉफ्टवेअरला खोलीतील घरघर ओळखता येते. ती काढताना हात आखडता ठेवावा. अति केल्यास ‘स’, ‘श’ बोथट होतात आणि ‘भ’ चा ‘ब’ ऐकू येऊ लागतो.

३. माझी चूक

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एक वृद्ध आजी मुलाकडे मुनिरक्यास आल्या होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पण हाच दाखला त्यांनी आपल्या बोलीत अतिशय सुरेख सांगितला. मी तो मुद्रित केला आणि रात्री संपादनास बसलो. लांब शांतता आपोआप आखूड करण्याची सोय ऑडॅसिटीत आहे. ती मी वापरली व जुन्याच फाइलवर साठवून संगणक बंद केला. मूळ मुद्रण गेले.

दुसऱ्या दिवशी आजींनी ऐकले व म्हणाल्या, “भाऊ, बापाला पोरगं लांबून दिसलं, तिथं मी थांबले होते. ते कुठं गेलं?”

मी निरुत्तर झालो. त्यांनी पुन्हा सांगितले, पण तो विराम पुन्हा आला नाही. काही दिवसांनी त्या गावी परतल्या.

स्तोत्रसंहितेत ‘सेला’ हा शब्द ७१ वेळा आला आहे. त्याचा नेमका अर्थ निश्चित नाही; विरामाची खूण असावी, असे पुष्कळांचे मत आहे. आपणांस न उमगलेली खूण खोडण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही, असे मी इतरांना शिकवीत आलो होतो. तोच धडा मी संगणकापुढे बसताच विसरलो.

४. बोध

म्हणून तीन नियम पाळा. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात वेगळे साठवा व त्याला हात लावू नका. एमपी३ प्रत केवळ वाटण्यासाठी असावी. संपादन नकलेवरच करा. आणि जिचा आवाज आहे, तिला ऐकविल्यावाचून काही प्रसिद्ध करू नका. खोकला काढणे ही सेवा आहे. हुंदका काढणे हा फेरफार आहे. हा भेद सॉफ्टवेअरला कळत नाही. तो आपणांस कळला पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील कोणत्या वडीलधाऱ्यांचा आवाज या वर्षी मुद्रित करणे अगत्याचे आहे?
२. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपण त्याचे कोणते विराम गाळतो?