कपाशीच्या बोंडांतील जीवशास्त्र

जालना जिल्ह्यांतील काळ्या जमिनींत कपाशी हें खरिपाचें एक प्रमुख पीक होय. आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलें शाळेंत पेशी, ऊतक, परिसंस्था हे शब्द पाठ करितात. परंतु त्या शब्दांचा शेतीच्या नफ्यातोट्याशीं संबंध आहे, हें त्यांस सहसा कोणी दाखवून देत नाहीं. म्हणून कपाशीचें एक बोंड हातीं घेऊन हा विषय क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रत्येक सजीवाचें शरीर पेशींचें बनलेलें असतें. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं सूक्ष्मदर्शकांतून बुचाच्या कापांत दिसलेल्या कप्प्यांस हें नांव दिलें. पेशी बहुधा नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. पण कापसाचा तंतु ह्यास अपवाद आहे. सरकीच्या सालीवरील एकच पेशी लांब वाढून एक तंतु होतो. फूल उमलण्याच्या सुमारास ही वाढ सुरू होते. पहिले सुमारें तीन आठवडे तंतु लांबतो, व पुढें त्याच्या आंतून सेल्युलोजचे थर चढून तो बळकट होतो. ह्या काळांत झाडास पाण्याचा ताण पडल्यास तंतु कच्चा राहण्याचा संभव असतो.

एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह तो ऊतक, आणि ऊतकें मिळून अवयव. पान हा अवयव सूर्यप्रकाशांत साखर तयार करितो. ती बोंडाकडे जाऊन तिजपासून सरकींत तेल व प्रथिनें सांठतात, आणि त्यांवरच गुलाबी बोंडअळी पोसते. पतंगाची मादी पात्या, फुलें व कोवळीं बोंडें ह्यांवर अंडीं घालते. अळी बोंडांत शिरल्यावर तिचें छिद्र बुजून जातें. म्हणून फवारलेलें औषध तिच्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

ह्यावर उपाय म्हणून २००२ सालीं भारतांत बीटी कपाशीस परवानगी मिळाली. बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं १९६४ सालीं जालना येथें स्थापिलेल्या महिको कंपनीचे संकरित वाण त्यांत प्रथम होते. मातींतील बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जीवाणूचें जनुक ह्या कपाशींत घातलेलें असून, त्यायोगें झाडांत एक विशिष्ट प्रथिन तयार होतें. तें अळीच्या आंतड्यांतील पेशींस ठराविक जागीं चिकटतें, त्यांस भोकें पाडतें, आणि पेशी फुटून अळी मरते.

तथापि सर्व अळ्या सारख्या नसतात. लाखांत एखादीच्या पेशीवरील ती जागा जन्मतःच बदललेली असते. तेथें प्रथिन चिकटत नाहीं. अळी विषास सरावली असें आपण म्हणतों, परंतु कोणतीही एक अळी सरावत नसते. लागू पडलेल्या मरतात, वाचलेल्यांची संतति वाढते, व कांहीं वर्षांत सारी जातच बदलते. २००६ सालीं दोन जनुकांची कपाशी आली. पण २०१७ च्या हंगामांत तिच्यावरही ह्या अळीनें महाराष्ट्रांत मोठें नुकसान केलें. बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी कडेनें लावण्यास सांगत, त्याचा हेतु हाच होता: त्यांवर जगलेल्या साध्या पतंगांशीं संकर होऊन प्रतिकारशक्ति फैलावूं नये. पुष्कळांनीं तें बियाणें फुकट जागा अडविणारें म्हणून टाकून दिलें.

आतां परिसंस्थेचा विचार करूं. शेत म्हणजे केवळ झाड व अळी नव्हे. ट्रायकोग्रामा हा सूक्ष्म कीटक पतंगाच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालतो. क्रायसोपाच्या अळ्याही किडींचीं अंडीं खातात. आरंभींच तीव्र औषधें फवारल्यास आधीं हेच मित्र मरतात. दुसरें असें कीं, गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. विहिरीस पाणी असलें म्हणजे फरदड ठेवून दोन पैसे अधिक मिळविण्याचा मोह होतो. पण त्या फरदडीवर अळीच्या पिढ्यांमागून पिढ्या निघतात, आणि शेवटची पिढी सरकींत व पऱ्हाट्यांवरील वाळक्या बोंडांत सुप्त राहून पुढील हंगामास हजर होते.

म्हणून डिसेंबरअखेर पीक संपवावें, शेतांत शेळ्यामेंढ्या चाराव्या, पऱ्हाट्या बांधावर रचून न ठेवतां बारीक करून खत करावें व खोल नांगरट करावी. डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या. एकरीं दोन कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्रीं दर सापळ्यास आठ किंवा अधिक पतंग सांपडल्यास उपाय लांबवूं नये. पतंगास बांध ठाऊक नसतो. एकानें पाळलेला नियम शेजाऱ्याची फरदड निष्फळ करिते. ह्यास्तव हा निश्चय साऱ्या गांवानें मिळून करणें अवश्य आहे.

मुलांनीं दर आठवड्यास एकरांतून निरनिराळ्या ठिकाणचीं २० हिरवीं बोंडें आणून फोडून पाहावीं. दोहोंत अळी आढळली, तर हानि दहांत एक ह्या प्रमाणास पोहोंचली असें समजून वडिलांस तत्काळ सांगावें. तेथें औषधाचा खर्च करणें योग्य ठरतें. त्याहून कमी असल्यास तो खर्च वांचवावा.