साताऱ्याच्या मामाचं भाच्याला पत्र

सातारा, रविवार रात्र

चि. बाळास,


तुझ्याबद्दल एक गोष्ट मामाच्या कानावर आली आहे आणि तेव्हापासून त्याचं कशात लक्ष लागत नाही. माहुलीवरून वाहणारी कृष्णा खाली तुमच्या सांगलीला जाते, ही बातमी मात्र उलटी वर साताऱ्याला आली. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, तो तुझ्या वाईटावर नाही. त्याचं म्हणणं असं की सराव आटोपला की विश्रामबागेतली चार पोरं हॉलच्या पायऱ्यांवर बसतात, मोबाइलवर क्रिकेटच्या मॅचला पैसे लावतात आणि त्या चौघांत आपला बाळ असतो. रॅकेटच्या गटिंगसाठी दाजींनी दिलेले पैसेही त्यातच गेले म्हणे.

खरं काय ते तुलाच ठाऊक. अक्काच्या कानावर हे अजून गेलेलं नाही आणि मामानंही घातलेलं नाही.

तुझ्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी केंटो मोमोटाचं पोस्टर आहे. तो डावखुरा, तूही डावखुरा, म्हणून गेली चार वर्षं घरात तोच चालतो. नेटजवळचा त्याचा नाजूक हात, दमानं रॅली लांबवत नेऊन समोरच्याला चुकायला लावणं, हे सगळं तू मामालाच समजावून सांगितलं आहेस. पण २०१६ चा मोमोटा तू कधी सांगितला नाहीस. तो आज मामा तुला सांगणार आहे.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मोमोटा २१ वर्षांचा होता आणि जागतिक क्रमवारीत दुसरा होता. आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य आणि सुपर सीरीज फायनल्सचं विजेतेपद मिळवलेलं, रिओ ऑलिंपिक चार महिन्यांवर आलेलं. तेवढ्यात बातमी फुटली की तो टोकियोतल्या बेकायदा जुगाराच्या अड्ड्यावर जात होता. त्याला तिथं नेणारा कुणी गुंड नव्हता. त्याच्याच कंपनीच्या संघातला केनिची टागो होता, वयानं मोठा, २०१० ला ऑल इंग्लंडच्या फायनलपर्यंत गेलेला. टागो एक कोटी येनच्या आसपास हरला होता. मोमोटाचे गेले होते पाच लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण तीन लाख रुपये. कंपनीनं टागोला काढून टाकलं. मोमोटाची नोकरी राहिली, पण जपानच्या बॅडमिंटन संघटनेनं त्याच्यावर बेमुदत बंदी घातली. पत्रकार परिषदेत टागो रडत रडत, मोमोटाला पुन्हा एक संधी द्या, म्हणून विनवत होता. जो बोट धरून नेतो तोच असा नंतर रडतो, बाळा. पायऱ्यांवरच्या त्या पोरांपैकी तुझ्यासाठी कोण रडणार आहे, याचा विचार कर.

त्याच रिओत जपानला बॅडमिंटनमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं, महिला दुहेरीत. आपल्या सिंधूनं रौप्य मिळवलं तेही तिथंच. तू तेव्हा लहान होतास, आजीच्या मांडीवर बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होतास. मोमोटाचं नाव त्या ऑलिंपिकमध्ये कुठंच नव्हतं.

पुढचं तुला पाठ आहे. २०१७ च्या मे महिन्यात बंदी उठली. क्रमवारी गेलेली, म्हणून बेल्जियम, चेक, नेदरलँड्स, मकाऊ अशा लहान स्पर्धा जिंकत तो वर आला. २०१८ ला नानजिंगला जगज्जेता झाला, असा पहिला जपानी पुरुष. २०१९ ला बासेलला पुन्हा तेच, फायनलमधला दुसरा गेम २१-३. त्या एका वर्षात त्यानं ११ स्पर्धा जिंकल्या. हे वाचून तू म्हणशील, मग बिघडलं काय, आला की परत. मामाला भीती वाटते ती नेमकी याच वाक्याची.

कारण रिओ परत आलं नाही. आणि पुढचं ऑलिंपिक यायच्या आधी १३ जानेवारी २०२० उजाडला. आदल्या दिवशी मलेशिया मास्टर्सच्या फायनलमध्ये अ‍ॅक्सेलसनला हरवून मोमोटा क्वालालंपूरच्या विमानतळाकडे निघाला होता. त्याची गाडी ट्रकवर आदळली. ड्रायव्हर जागीच गेला. मोमोटाच्या डोळ्याजवळचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. घरच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. २८ जुलै २०२१ ला कोरियाच्या हिओ क्वांग-हीनं त्याला साखळीतच सरळ दोन गेममध्ये हरवलं. २०२४ मध्ये थॉमस कप खेळून त्यानं आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन सोडलं, ऑलिंपिक पदकाशिवाय. अपघात कुणाच्या हातात नसतो. रिओ मात्र त्याच्या हातात होतं.

अगदी त्याच दिवशी, २८ जुलै २०२१ ला, पुण्यात नंदू नाटेकर गेले. ८८ वर्षांचे होते.

नाटेकर तुमच्या सांगलीत जन्मले, १९३३ साली, हे तुझ्या हॉलवरच्या किती मुलांना माहीत आहे, एकदा विचारून बघ. १९५६ ला क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. थॉमस कपमध्ये एकेरीचे १६ सामने खेळले, १२ जिंकले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, त्या पहिल्याच वर्षी बॅडमिंटनचा पुरस्कार त्यांना मिळाला. पण मामाला तुला यातलं काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते एका हरण्याबद्दल. पोरवयात नाटेकर टेनिसही जीव लावून खेळायचे. राष्ट्रीय ज्युनियरच्या फायनलपर्यंत गेले आणि तिथं रामनाथन कृष्णनकडून हरले. त्या पराभवानंतर त्यांनी सगळं लक्ष बॅडमिंटनकडे वळवलं आणि १९५३ ला, विसाव्या वर्षी, देशाचे एकेरीचे विजेते झाले.

हरल्यावर तू कुठं गेलास? राज्य संघाची निवड हुकली तेव्हापासून तू मामाला एकदाही फोन केलेला नाहीस. अक्का म्हणते, हॉलवरून उशिरा येतो, ताटावर बसला तरी मान मोबाइलमध्ये. त्या पायऱ्या तुला तेव्हाच सापडल्या का? कोर्टवर तिसऱ्या गेममध्ये गेलेला सामना तिथं मोबाइलवर दहा मिनिटांत भरून काढता येतो असं वाटलं का? तसं असेल तर मामाला ते कळतं. पण त्यानं काही भरून निघत नाही.

मोमोटा २०१२ चा ज्युनियर जगज्जेता. आदल्या वर्षीचा, २०११ चा, मलेशियाचा झुल्फादली झुल्किफ्ली. त्यानं फायनलमध्ये अ‍ॅक्सेलसनला हरवलं होतं. पुढं पैसे घेऊन सामने फिरवल्याबद्दल २०१८ मध्ये जागतिक महासंघानं त्याला २० वर्षांची बंदी घातली. पैज लावणारा सगळाच इथवर जातो असं मामा म्हणत नाही. पण ज्याच्यावर उधारी असते त्याच्याकडे एक दिवस कुणीतरी येतं आणि म्हणतं, तू नुसता पहिला गेम सोड, बाकी आम्ही बघतो. तू सतरा वर्षांखालचा खेळाडू आहेस. तुझ्या हातात रॅकेट आहे, म्हणून तू त्यांच्या कामाचा आहेस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तरी पायऱ्यांवर मोबाइल चालूच आहेत. कायदा तुझ्या खिशात हात घालून फोन काढून घेणार नाही.

मामाच्या वेळी मोबाइल नव्हता, मटका होता. साताऱ्यात सिमेंटच्या उघड्या कोर्टवर, बल्बच्या उजेडात, दुहेरीला त्याचा एक जोडीदार होता. नेटवर असा उभा राहायचा की मामाला मागचं अर्धं कोर्टच सांभाळावं लागे. आधी गंमत म्हणून तो आकडा लावायला लागला, मग ओपन-क्लोज तोंडपाठ झालं, मग शटलच्या वर्गणीला टाळाटाळ सुरू झाली. एका पावसाळ्यानंतर तो यायचाच बंद झाला. का येत नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या घरी कुणी गेलं नाही. मामाही गेला नाही, त्याला वाटलं येईल आपणहून. आज तो कुठं आहे हेही मामाला माहीत नाही. रात्री दहा वाजता हे पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण तेच.

चार शब्द कडक झाले असतील. मनात धरू नकोस. अक्का तुटक्या पिसांची शटलं टाकत नाही, तुझ्या सरावासाठी डब्यात वेगळी ठेवते. दाजी फेदरची ट्यूब घ्यायला जातात तेव्हा दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालतात, पण दुसरं प्लॅस्टिकचं द्या असं एकदाही म्हणत नाहीत. हे तुला दडपण यावं म्हणून सांगत नाही. या घरात तुझा खेळ निवड झाली तरच मोलाचा, असं कधीच नव्हतं. तू जिंकलास म्हणून मामा तुझा लाड करत नाही, आणि हरलास म्हणून थांबवणारही नाही.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीनं मामा सांगलीला येतो आहे. स्टँडवर एकटाच ये, घरी जायच्या आधी दोघं कुठंतरी बसू. किती गेले, कुणाचं देणं राहिलंय, सगळं खरं खरं सांग, दोघं मिळून फेडू. अक्काला सांगायचं ते तूच सांग, मामा शेजारी बसेल. आणि ही सगळी अफवाच असली तर तेही तोंडावर सांग, मामा आनंदानं ऐकेल. रॅकेट बरोबर घेऊन ये, गटिंग त्याच दिवशी करून घेऊ. तोवर वेळेवर जेव, झोप पुरी घे, आणि शनिवारपर्यंत त्या पायऱ्यांवर बसू नकोस.

तुझा,
मामा