दातांचे सौंदर्य : घाई नको, नियोजन हवे

लग्नसराई जवळ आली की वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, दात पांढरे करायला किती खर्च येतो?" विचारणारी बहुधा आई असते. मुलगी शेजारी ओढणी तोंडावर धरून उभी असते.

गेल्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून अशाच मायलेकी आमच्याकडे आल्या. मुलगी 22 वर्षांची, बी.ए. झालेली. पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. पाहायला आलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईने सर्वांदेखत विचारले होते, "पोरगी दात घासत नाही का?" त्या एका वाक्याने घाबरून मायलेकी एका खाजगी दवाखान्यात गेल्या. तिथे वरचे 8 दात कोरून त्यांवर कॅप बसवायचे ठरले. पैसे हप्त्याने. आईने गळ्यातली पोत मोडायची तयारी केली होती.

आम्ही मुलीचे दात पाहिले. एकही किडलेला नव्हता, एकही हलत नव्हता. ते डाग अस्वच्छतेचे नव्हतेच, लहानपणी प्यालेल्या बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे दिसत होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत हे डाग पिढ्यान्‌पिढ्या दिसतात. नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही नोकरीला लागलो तेव्हा आम्हीही अशा मुलांना "नीट घासत जा रे" असेच सांगत होतो. ती आमची चूक होती. म्हणून आज हा विषय सविस्तर घेत आहोत.

आधी डाग ओळखा

मिश्री, खर्रा, तंबाखू, चहा यांचे डाग दाताच्या वरच्या थरावर बसतात. दवाखान्यात दात साफ करून घेतले की बरेचसे निघतात. फ्लोराइडचे डाग दात हिरडीखाली तयार होत असतानाच त्याच्या आत बसतात, म्हणून घासून जात नाहीत. मार लागलेला एखादाच दात काळा पडला असेल, तर आतली नस मेलेली असू शकते. तिथे आधी रूट कॅनॉल लागेल. कारण वेगळे, तसा उपचार वेगळा. एकच उपाय सगळ्यांना सांगणाऱ्यापासून सावध राहा.

मीठ, सोडा, लिंबू, कोळशाची पावडर यांनी दात खसाखसा घासू नका. दातावरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते एकदा झिजले की पुन्हा येत नाही. कवच पातळ झाले की आतला पिवळा थर दिसू लागतो आणि दात आणखी पिवळे वाटतात.

उपचारांचा क्रम

1. तपासणी. हिरड्यांतून रक्त येते का, कीड आहे का, हे पाहून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी संपूर्ण तोंड तपासून घ्यावे. पांढरा किंवा लाल चट्टा, 2 आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरते न उघडणे यांपैकी काही असेल तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवा, आधी त्याचे निदान करा.

2. सफाई आणि कीड भरणे. सफाईने दात हलू लागतात, हा गैरसमज आहे. दात सैल होतात ते हिरड्यांच्या आजाराने. साचलेला कठीण थर निघाल्यावर आधीच झालेले नुकसान तेवढे दिसू लागते.

3. वाकडे दात. तारा लावायच्या असतील तर दीड-दोन वर्षे हाताशी ठेवा. हिरड्या निरोगी असतील तर मोठ्या वयातही तारा लावता येतात. तारा काढल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात.

4. ब्लीचिंग. हे नेहमी काँपोझिट किंवा कॅपच्या आधी करावे, कारण ब्लीचिंगने फक्त आपल्या दाताचा रंग बदलतो, बसवलेल्या कृत्रिम भागाचा बदलत नाही. काही दिवस दात शिवशिवतात. रंग कायम टिकत नाही. गरोदर असताना ब्लीचिंग करू नये.

5. काँपोझिट. दाताच्याच रंगाचा मसाला लावून डाग झाकणे, फट बुजवणे, तुटलेला कोपरा भरणे. दात फारसा कोरावा लागत नाही. ब्लीचिंगनंतर साधारण 2 आठवडे थांबून हे करावे.

6. व्हिनिअर आणि कॅप. हे शेवटचे पाऊल. व्हिनिअरसाठी बहुधा दाताचा पुढचा थर कोरतात, कॅपसाठी दात चोहोबाजूंनी कोरतात. कोरलेला दात पूर्ववत होत नाही. कधी नस दुखावते आणि रूट कॅनॉल करावे लागते. कॅप जन्मभर पुरत नाही, पुढे बदलावी लागते. म्हणजे 22व्या वर्षी बसवलेल्या 8 कॅपचा खर्च आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार. फार किडलेल्या किंवा तुटलेल्या दाताला कॅप जरूर बसवा. निरोगी दात केवळ रंगासाठी कोरू देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

होकार देण्याआधी विचारा

- माझ्या डागाचे कारण काय?
- यापेक्षा कमी कोरण्याचा उपाय आहे का?
- किती फेऱ्या, किती महिने, एकूण किती पैसे? लिहून द्याल का?
- हे किती वर्षे टिकेल आणि बदलायला किती खर्च येईल?

डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहा. मधुमेह असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. रस्त्यावर बसून लगेच पक्का दात बसवून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो दात साफ करता येत नाही, खालची हिरडी सडते आणि शेजारचे चांगले दातही जातात.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे वेळ लागतो, फेऱ्या होतात, पण खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. लग्नाची तारीख ठरली असेल तर निदान 3-4 महिने आधी सुरुवात करा.

त्या मुलीचे काय झाले?

तिला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवले. सफाई झाली, वरचा डागाळलेला थर औषधाने अगदी हलका घासला, मग ब्लीचिंग केले आणि 2 दातांवर काँपोझिट लावले. डाग पूर्ण गेले नाहीत, फिके झाले. आठही दात शाबूत आहेत आणि आईची पोतही गळ्यात आहे.

शेवटच्या फेरीला तिच्यासोबत तिचा 5 वर्षांचा भाचा आला होता. तोही त्याच बोअरचे पाणी पितो. फ्लोराइडचा परिणाम दात तयार होत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण 8व्या वर्षापर्यंत होतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. म्हणून आपल्या गावच्या पाण्याची तपासणी झाली आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि अहवाल मागा. मोठ्यांच्या दातांवर उपचार करता येतील, लहानांच्या दातांवर डाग पडूच नयेत ही जबाबदारी आपली आहे. आणि तोवर कोणाच्या दातांकडे पाहून "घासत नाही का?" असे विचारू नका.