माणसाच्या समोर बसताना

चि. मुक्ता,


मनोविश्लेषण शिकताना मानवतावादी तत्त्वज्ञान कशाला, तंत्र आलं की पुरे नाही का, असं तू विचारलंयस. पुरे नाही. तंत्र कुठे वापरायचं आणि कुठे आवरायचं हे आपण माणसाला काय मानतो त्यावर ठरतं. म्हणून मानवतावादी मनोविश्लेषक एरिक फ्रॉम नीट वाच.

फ्रॉइडने १९१२ मध्ये विश्लेषकाला सर्जनची आणि आरशाची उपमा दिली होती. फ्रॉमही आधी त्याच वळणाने, कोचामागे बसून काम करायचा. पुढे कोच सोडून तो रुग्णासमोर बसू लागला. पण खुर्ची हलवली हे महत्त्वाचं नाही. रुग्ण जे भोगतो आहे ते स्वतःत अनुभवता आलं तरच विश्लेषकाला तो कळतो, ही त्याची अट खरी कठीण आहे. वर्षानुवर्षं आईची शुश्रूषा करणारी बाई म्हणेल, ‘ती एकदाची जावी असं वाटतं.’ तेव्हा ‘असं सगळ्यांनाच वाटतं’ म्हणून तिला गप्प करू नकोस. तसली इच्छा तुझ्या मनात कुठे दडली आहे ते आधी शोध, मग तिला आणखी बोलू दे. सहानुभूती दाखवणं सोपं असतं गं, हे सोपं नाही.

फ्रॉमची पहिली पत्नी फ्रीडा फ्रॉम-राइशमान हिने मेरीलँडच्या चेस्टनट लॉजमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर हेच केलं. अशा रुग्णांवर विश्लेषण चालत नाही असं फ्रॉइड मानत होता. ती मात्र त्यांचं ऐकत राहिली.

आता आपल्याकडची अडचण. नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आल्यावर फ्रॉमने १९४१ मध्ये ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’ लिहिलं. स्वातंत्र्याचं ओझं पेलवेना की माणूस एखाद्या सत्तेच्या पायाशी जाऊन बसतो, हे त्यात आहे. ते केवळ राजकारणापुरतं समजू नकोस. तुझ्या खोलीतही कुणी विचारेल, ‘ताई, तुम्हीच सांगा, नोकरी सोडू का?’ आपल्याकडे गुरू शोधायची सवय जुनी, आणि तुलाही उत्तर द्यायचा मोह होईल. देऊ नकोस. त्याने निर्णय तुझ्यावर का सोपवला, आधी कुणाकुणावर सोपवत आला, तू सांगितलं नाहीस तर त्याला राग येतो की भीती वाटते, यावर बोला. ट्रान्सफरन्स, म्हणजे जुन्या नात्यांतल्या भावना तुझ्यावर येणं, तिथेच हाती लागतो. त्याची निवड त्याच्याकडे राहू देणं हाच त्याचा मान.

मात्र मानवतावाद म्हणजे गोड बोलणं नव्हे. फ्रॉमने अबोध मन सोडलं नाही, स्वप्नं सोडली नाहीत, आणि दिसलं ते स्पष्ट सांगायला तो कचरला नाही.

सुपरव्हिजनच्या नोंदीत रुग्णाविषयी लिहून झालं की खाली एक ओळ स्वतःविषयी लिहीत जा: आज याच्यातलं काय माझ्यात सापडलं? ओळ कोरी राहिली तर तो तास सुपरव्हायझरपुढे आधी मांड.

तुझी,
मावशी